ठोकमास्तरांची पेटी

आमच्या घरातली एकही लाकडी वस्तू मास्तरांनी ठोकून पाहायची बाकी ठेवली नव्हती. दारं, खिडक्या, पाट, पोळपाट, बाजेचे पाय. एकदा तर देव्हारा ठोकला. टकटक ऐकून सासूबाई पिठाच्या हातांनीच स्वयंपाकघरातून धावत आल्या. मास्तर आपले बोटांची पेरं देव्हाऱ्याला टेकवून, तोंड अर्धवट उघडं ठेवून उभे. म्हणाले, "माय, तीन बाजू सागवानी आहे. मागची फळी मातर आंब्याची. बसकं बोलते." देवाला हात लावला म्हणून यांच्यावर रागवावं, की सागवान सांगून आंबा बसवणाऱ्या सुतारावर रागवावं, हे सासूबाईंना ठरवता येईना. शेवटी त्यांनी समोर नसलेल्या सुतारालाच शिव्या घातल्या.

शाळेत ते विज्ञान शिकवत आणि पोरं त्यांना ठोकमास्तर म्हणत. नावावरून वाटेल की पोरांना बडवत असतील. पोरांच्या अंगाला त्यांनी कधी बोट लावलं नाही. फक्त वर्गात शिरताना फळा, टेबल आणि पहिल्या बाकाची कड ठोकायचे, मग हजेरी घ्यायचे. पोरं बिलंदर. एका पोराने बाकाखाली उशी बांधून ठेवली, तर मास्तर अर्धा तास शिकवणं सोडून तो बाक असा मुका कशाने झाला ते शोधत बसले. उशी सापडल्यावर रागावले नाहीत. उलट उशीत कापूस कुठला भरला आहे ते विचारलं.

साठ सालच्या आगेमागे ते यवतमाळला आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होते. खोली मागायला आले तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्याआधी त्यांना गल्लीतल्या बऱ्याच घरांनी "आताच दिली" म्हणून परत पाठवलं होतं. त्या खोल्या पुढे महिनोन्‌महिने रिकाम्याच होत्या. आमच्या सासूबाईंना आडून विचारणं जमत नसे. त्यांनी सरळ विचारलं, "जात कोनती?"

"बौद्ध."

"त्याच्या आंधी?"

"त्याच्या आंधी अमरावतीले कॉलेजात होतो."

मी पदर तोंडाला लावला. सासूबाई काही बोलणार तेवढ्यात हे गृहस्थ ओसरीच्या खांबाकडे गेले, वर, मध्ये, खाली असं ठोकलं आणि म्हणाले, "खोली नका देऊ, पण हा खांब बदला. आतून वाळवीनं खाल्ला आहे. पावसाळा काढत नाही." सासूबाईंनी विळा आणून खुपसला तर पातं मुठीपर्यंत आत गेलं. ज्या माणसाने आपलं घर डोक्यावर पडण्यापासून वाचवलं त्याला घराबाहेर उभं ठेवता येत नाही, एवढं त्यांना कळत होतं. खोली दिली. गल्लीतल्या दोघी-तिघी हळदीकुंकवाला यायच्या बंद झाल्या. "हळद वाचली," सासूबाई म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच मिटला.

खरं सांगायचं तर माणूस म्हणून मास्तर मला फार आवडायचे आणि शेजारी म्हणून नकोसे व्हायचे. त्यांच्या खोलीत माणसाला बसायला जागा नव्हती. फळ्यांवर, खिडकीत, बाजेखाली जुने स्पीकर ठेवलेले. काळ्या कागदी ताटल्याच त्या, मागे लोखंडी चुंबक. कुठल्या साहेबाच्या बंगल्याच्या लिलावातल्या रेडिओचा एक, मोडक्या सभागृहाच्या माळ्यावरचा एक. सगळ्यांत मोठा होता तो तंबूतल्या सिनेमावाल्याने मोडीत काढलेला, पडद्यामागचा. भाकरीच्या परातीएवढा. या जुन्या स्पीकरांसाठी लाकडाच्या पेट्या करायच्या, हा त्यांचा उद्योग. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी 'हाय-फाय' असा शब्द वाचला होता आणि तो ते इतक्या आदराने उच्चारायचे की सासूबाईंना वाटायचं, हा कोणी मोठा साहेब असावा.

एकदा मी विचारलं, "मास्तर, रेडिओ वाजतो की चांगला. पेटीची कटकट कशाला?"

त्यांनी एक नुसता स्पीकर रेडिओला जोडला आणि हातात धरला. गाणं लागलं होतं, पण डब्यात माशी कोंडल्यासारखा आवाज. मग त्यांनी जुन्या दाराची एक फळी घेतली, तिला गोल भोक पाडलेलं होतं, आणि स्पीकर त्या भोकावर दाबून धरला. तोच स्पीकर, तेच गाणं, पण गाणारी बाई एकदम खोलीत येऊन बसली.

"उघड्यावर आवाज पुढूनही निंगते अन् मागूनही निंगते," ते म्हणाले. "अन् दोघं एकमेकाले खाऊन टाकते. मधात भिंत पाह्यजे. आवाजाले घर लागते, वहिनी."

"माणसालाही लागतं," मी म्हटलं, "आणि त्या घराच्या भिंती शेजाऱ्याने रोज ठोकू नयेत असंही लागतं."

ते हसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोकू लागले.

दुसरी खोड टाळीची. कुठल्याही खोलीत शिरले की एक टाळी वाजवायची आणि ती कशी परतते ते ऐकायचं. लग्नाच्या मांडवात, पोस्टात, दवाखान्यात. माझ्या यजमानांचे काका गेले तेव्हा मास्तर समाचाराला आले. बैठकीतलं सामान हलवून खोली मोकळी केलेली, माणसं भिंतीला टेकून बसलेली. हे उंबरा ओलांडून आत आले आणि सवयीने वाजवली टाळी. सगळ्यांनी माना वर केल्या. मास्तरांच्या लक्षात आलं, ते हात जोडून म्हणाले, "माफ करा. खोली रिकामी झाली." काकू हुंदके देऊन रडू लागल्या, दोघा-तिघांनी डोळे पुसले. माणूस किती थोडक्यात बोलला, असं पुढे आठवडाभर नातेवाईक म्हणत होते. मास्तर घरी येऊन मला म्हणाले, "खरं सांगतो वहिनी, मी घुमण्याचं बोललो." पुढे त्यांची बदली वणीकडे झाली. तिथे राजूरच्या कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी टाळी वाजवली आणि पहारेकऱ्याने त्यांना हाकललं, असं ऐकलं. मला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

पण हे सगळं ठोकणं, टाळ्या, पेट्या, हे नुसतं खूळ नव्हतं. ते आम्हाला कळलं सासूबाईंमुळे. एका दुपारी त्या ओसरीवर तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या, मास्तर शेजारी एक फळी घासत होते. सासूबाईंनी विचारलं, "किती पेट्या करशीन रे बाप्पा? कोनता आवाज पाह्यजे तुले?" तोवर त्या मास्तरांना अरे-तुरे करू लागल्या होत्या.

"बाच्या डफड्याचा," ते म्हणाले.

त्यांचे वडील नेरजवळच्या एका गावात राहत. गावकामावर होते, म्हणजे गावात दवंडी द्यायचं काम पिढीजात त्यांच्या घराकडे. उद्या पटवारी येणार, ढोरं टोचायला आणा, पाटलाचा हुकूम आहे, सारा भरा. डफडं वाजवत दारोदार हिंडून हे ओरडून सांगायचं.

"दहा गावात तसं डफडं कोणी वाजवत नव्हतं, माय," मास्तर सांगत होते. "मी लहान होतो. बा शेकोटीवर डफडं तापवे, अन् तापलं का नाही पाह्यासाठी माह्या पाठीले टेकवे अन् एक थाप दे. असा घूम जाये आंगातून. पोटापर्यंत. त्याच्यावर मले हसू ये, अन् बाही हासे."

"मंग आता?"

"छप्पन साली बानं दीक्षा घेतली. घरी आला अन् पह्यलं काम केलं तं डफड्याचं कातडं फाडून फेकलं. कडं चुलीत घातलं. त्या रोजच्या भाकरी त्याच्यावर झाल्या." फळी घासता घासता त्यांचा हात थांबला. "मी गेलतो तवा घरी. मी म्हणलो, बा, ठेवाचं होतं एक. आपल्यासाठी ठेवाचं होतं. त्या दिवसापासून बा माह्यासंगं कामापुरता बोलते. पाऊस आला का, पगार झाला का. बस."

सासूबाईंचं सूप थांबलं होतं.

"मले तो घूम पुन्हा काढाचा आहे," मास्तर म्हणाले. "चामड्याशिवाय. बाले आयकवतो. मंग त्यालेही समजीन का मी तसं कायले म्हणलो होतो."

त्या दिवसापासून सासूबाई त्यांच्या बाजूने झाल्या आणि माझं घर पार कामातून गेलं.

मोठ्या सिनेमाच्या स्पीकरला मोठी पेटी हवी, हे ठरलं. लाकूड मात्र फार बोलकं नको. "पेटीनं सोता बोलाचं नाही," हे त्यांचं दुसरं वाक्य. त्यासाठी पेटीच्या भिंती दुहेरी करायच्या आणि दोन फळ्यांच्या मध्ये वाळू भरायची. वाळू ओली नको, दमट नको. अरुणावतीच्या पात्रातली वाळू कोणी आर्णीकडून येणाऱ्या बंडीत घालून आणली, ती मास्तरांनी पिठाच्या चाळणीने चाळली आणि सासूबाईंच्या मोठ्या कढईत चुलीवर भाजायला घेतली. मी बाहेरून आले तर चुलीपुढे हायस्कूलचे मास्तर उलथनं फिरवतायत आणि सासूबाई जाळ सारतायत.

"फुटाणे करून राह्यले का?" मी विचारलं.

"फुटाने कायचे, आवाज करून राह्यलो," सासूबाई तोऱ्यात म्हणाल्या. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या भाजीला दाताखाली कचकच येत होती आणि कोणी तक्रार केली की सासूबाई त्यालाच दटावत.

कापसाचं तसंच. पेटीच्या आत कापूस लागतो, म्हणजे मागचा आवाज त्यात मुरतो. माझे यजमान जिनिंगमध्ये कारकून, त्यामुळे घरात रुईला तोटा नव्हता. पण मास्तरांना कोणतीही रुई चालत नसे. ही फार दाट, ही फार चिकट, हिच्यात सरकीचे तुकडे राहिले. हातावर घेऊन, कानाशी धरून ते रुई कुस्करायचे. यजमान म्हणायचे, "व्यापारी डोळ्यानं कापूस पाहतो, हा बुवा कानानं पाहतो." मापाच्या जागी मात्र ते नेहमीच हुकत. मोठी पेटी त्यांनी खोलीत बसून बांधली, रंधली, पॉलिश केली, आणि मग लक्षात आलं की ती खोलीच्या दारापेक्षा मोठी आहे. सासूबाई म्हणाल्या, "आता तूच राह्य तिच्यात. दुसरी खोली पाहाचं काम नाही."

पण खरी अडचण आली ती स्पीकरचीच. सिनेमावाल्याने तो मोडीत काढला होता, कारण कागदी ताटलीची कड चहूबाजूंनी फाटून गेली होती. कड मऊ पाहिजे, मजबूत पाहिजे, लवली पाहिजे. बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने सांगितलं, बकरीचं पातळ कातडं लावा, साहेबी स्पीकरांना तेच असतं. दुकानात मास्तरांनी मान डोलावली. घरी येऊन तो स्पीकर बाजेवर ठेवून त्याच्यासमोर बसून राहिले.

"मंग लाव नं कातडं," सासूबाई म्हणाल्या. "दिसाचं थोडीच आहे कोनाले."

"बाले शब्द देल्ला आहे, माय. चामड्याले हात नाही. ज्यानं मले ते फेकाले शिकवलं, त्यालेच त्याच्यातून आवाज आयकवू?"

मग त्यांनी नाना कापडं लावून पाहिली. मांजरपाट जाड झालं, मलमल फाटली. शेवटी सासूबाई उठल्या आणि ट्रंकेतून एक जुनं लुगडं काढून आणलं. धुऊन धुऊन इतकं विरलेलं की फुंकर मारली तर हलावं, पण सूत धड. मास्तरांनी ते गालाला लावलं, ओढून पाहिलं, कानाशी धरून चुरगाळलं. चेहरा असा झाला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. सासूबाईंनी स्वतः कात्री चालवली. चिकटवायला धावड्याचा डिंक लागला, तोही थंडीतल्या लाडवांसाठी ठेवलेल्या डब्यातून गेला. डिंक वाळला की कडक होतो म्हणून त्यात एरंडेलाचं बोट. त्या वर्षी आम्ही डिंकाचे लाडू खाल्ले नाहीत, आणि यापुढे जे गाणं वाजेल ते आपल्या लुगड्यातून येतं, हे सासूबाईंनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं.

पेटी पुरी झाल्यावर मास्तरांनी कुठून तरी लोकगीतांची एक तबकडी मिळवली. तिच्यात एका कडव्यानंतर नुसतं डफडं वाजत होतं. रेडिओच्या मागे ग्रामोफोनची तार जोडली, सुई ठेवली. दर वेळी कुठलीही पेटी झाली की ते मला खोलीच्या दारात उभं करून विचारायचे, "कसं वाटते, वहिनी?" आणि मी खोड काढायचे, कारण मला त्यांची गंमत करायला आवडायचं. त्या दिवशी काढायला खोडच सापडली नाही. आवाज कानात शिरलाच नाही, तो पायाखालच्या शेणाच्या जमिनीतून वर आला. मांडणीवरचे पेले किणकिणले. मी म्हटलं, "मास्तर, हे खरंच फार छान झालंय." ते भिंतीला टेकून खाली बसले. पाठ भिंतीला लागलेली होती, आणि मी पाहिलं, ते हसत होते.

संक्रांतीनंतर त्यांचे वडील आले. उंच, वाळकं शरीर, पांढरं स्वच्छ धोतर, हातात हिरव्या हरभऱ्याच्या सोल्यांची पिशवी. आवाज मात्र असा भरदार की "पाणी द्या" म्हणाले तरी मागच्या आळीला ऐकू जावं. ओसरीच्या पायरीवर बसू लागले तर सासूबाई म्हणाल्या, "वर बसा नं बाप्पा." मास्तरांनी आमची हाताची खुर्ची अंगणात नेऊन आपल्या खोलीच्या दारासमोर ठेवली आणि त्यांना तिच्यावर बसवलं. ते बसले, पण पुढच्या काठावर.

"बा, तुह्यासाठी एक केलं आहे," मास्तर म्हणाले. "आयक."

सुई टेकली. गाणं झालं, आणि मग डफडं सुरू झालं. तोच घूम. अंगणातल्या माझ्या पायांना तो जाणवला.

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. फक्त पायांनी आधी वहाणा काढल्या. मग ते खुर्चीवरून उठले, अंगणाच्या कडेला तुळशीपलीकडे गेले आणि हात पुढे बांधून उन्हात उभे राहिले. कुणाच्या तरी दारासमोर उभं राहावं तसे.

"बा, बस नं. खुर्ची आहे."

"ह्या आवाजावर मी कदी बसलो नाही रे," ते म्हणाले. सावकाश, न रागावता. "हा वाजला का चालाच लागे. ऊन पाह्याचं नाही, ताप पाह्याचा नाही. तू हा आवाज घरी आयकला, म्हनून तुले गोड लागे. मी लोकायच्या दाराबाहीर वाजवला."

मास्तरांनी सुई उचलली. उचलताना ती तबकडीवर घासली आणि चिरका आवाज आला. सासूबाईंनी खाली पाहिलं. इतके महिने आम्ही सगळ्यांनी मिळून, वाळू भाजून, लुगडं फाडून, त्या माणसाला पुन्हा कुणाच्या तरी दाराशी नेऊन उभं केलं होतं.

वडील जेवले, आमच्याशी चांगलं बोलले. संध्याकाळच्या मोटारीला निघताना मास्तरांच्या खोलीत डोकावले आणि पेटीकडे बोट केलं.

"याच्यातून मानूस बोलते का?"

"बोलते," मास्तर म्हणाले.

"हं," म्हणाले आणि गेले.

पुढचे कित्येक दिवस आमच्या घरात काहीही ठोकलं गेलं नाही. पेटीवर घोंगडी पडली. इतके दिवस ज्या टकटकीने मी वैतागले होते ती बंद झाल्यावर मला घर ओळखू येईना. मास्तर शाळेत जात, येत, दार लोटून घेत. शेवटी सासूबाई एक दिवस त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"काहून रे, ठोकत नाही तू?"

"काय ठोकू, माय. चुकलं माह्यं."

"चुकलं तं चुकलं. माह्यं लुगडं आहे त्याच्यात. घोंगडीखाली कोंडून ठेवाले नाही देल्लं मी. तुह्या बापानं जाता जाता काय विचारलं? इतका शिकला, तरी आयकू नाही आलं तुले?"

मास्तर उठले, घोंगडी ओढून काढली आणि पेटीच्या फळीवर एकदा ठोकलं. मी स्वयंपाकघरात होते. मला इतकं बरं वाटलं की हातातली पोळी करपली.

ती मोठी पेटी त्यांनी मोडली. त्याच फळ्या कापून त्याच स्पीकरसाठी लहान पेटी बांधली, ही मात्र दार मोजून. अर्धा कापूस काढला, वाळू तेवढी ठेवली. "घूम नको आता," ते मला सांगत. "माणसाचा आवाज छातीतून निंगते, पण अर्थ व्होठावर राह्यते. व्होठ आयकू आले पाह्यजे." सासूबाईंना ते रेडिओवरच्या बातम्या ऐकवायचे आणि विचारायचे, शेवटचं अक्षर आलं का? आलं नाही तर पेटी पुन्हा उघडायची. मला उगीचच वाटायचं, की इतके दिवस ते स्वतःसाठी पेटी करत होते, आणि आता पहिल्यांदा वडिलांसाठी करतायत.

वैशाखात बुद्धपौर्णिमेला त्यांच्या गावी कार्यक्रम होता. गावात भोंगा भाड्याने मिळत होता, पण मास्तर म्हणाले, "भोंगा बोंबलते, बोलत नाही." पेटी नेरपर्यंत मोटारीच्या टपावर आणि पुढे बंडीत गेली. सासूबाई बंडीत पेटीजवळ बसल्या होत्या. मी नको म्हटलं होतं, ऊन फार आहे. "माह्यं लुगडं जाऊन राह्यलं, अन् मी घरी बसू?" असं म्हणून त्या निघाल्या होत्या, म्हणून मलाही जावं लागलं.

वस्तीतल्या मांडवात पांढरी लुगडी, पांढरी धोतरं, कागदी पताका. सासूबाईंना बाज टाकून दिली. एक बाई पाण्याचा गडू घेऊन आली आणि थोडी लांब थांबली. "पानी चालन का, माय?"

"तहान लागली तं चालन नं, कायले नाही?" सासूबाई म्हणाल्या आणि गडू रिकामा केला.

त्रिशरण, पंचशील म्हणून झालं. माइकला आणि मोटारीच्या बॅटरीला जोडलेली मास्तरांची पेटी समोर ठेवलेली होती, आणि म्हणणाऱ्याचं एकेक अक्षर मांडवाच्या शेवटच्या माणसापर्यंत स्पष्ट पोचत होतं. मग कोणीतरी म्हणालं, आता बुढ्यानं दोन शब्द बोलावं. मास्तरांचे वडील पुढे खुर्चीवर होते. ते नाही नाही म्हणत होते. सगळा गाव मागे लागला तेव्हा उठले. मास्तरांनी माइक त्यांच्यासमोर आणला.

त्यांनी एक हात कानाशी नेला, मान वर केली आणि सवयीने पूर्ण गळा सोडला, "आयका होऽऽ आयका!"

पेटी थरारली. पोरांनी कान झाकले, झाडावरचे कावळे उडाले. मांडवात हसू पिकलं. मास्तर झटकन जवळ गेले आणि हळूच म्हणाले, "बा, इथं वरडा लागत नाही. तू घरी बोलते तसा बोल. हे नेते सगळ्यायपर्यंत."

म्हाताऱ्याने माइककडे पाहिलं, मग पेटीकडे. पेटीतून त्यांचा श्वास ऐकू येत होता, सगळ्या मांडवाला. हसणं आपोआप थांबलं. माझ्या शेजारी सासूबाईंनी माझा हात धरला.

मग ते बोलले. चुलीजवळ बसून घरातल्याशी बोलावं, तेवढ्याच आवाजात.

"आयका हो आयका. आज कोनाचाच हुकूम नाही."

बस, एवढंच. कोणी टाळी वाजवली नाही. मास्तर पेटीशेजारी डोळे मिटून, तोंड अर्धवट उघडं ठेवून उभे होते. त्यांनीही वाजवली नाही. म्हाताऱ्याने मागे हात नेऊन खुर्ची चाचपली आणि बसले. काठावर नाही, पाठ टेकून. वहाणा पायातच होत्या. आणि मुलाकडे वळून त्यांनी काहीतरी विचारलं. त्यांना वाटलं हळू विचारतोय, पण माइक चालूच होता, त्यामुळे ते पेटीतून सगळ्या गावाला ऐकू आलं.

"अजून बोलाचं आहे रे मले. बसून बोललं तं चालन का याच्यात?"

मास्तरांनी माइकचा दांडा धरला आणि खाली ओढला, खुर्चीच्या उंचीला.